मागचा जिना

आज मीटिंगमध्ये माझा आवाज चढला. ज्यांच्या कानांना त्रास झाला त्यांची माफी मागते. ज्यांच्यावर चढला त्यांची मागत नाही.

विषय एवढाच होता की कॉलेजच्या आवारात सिगारेट, तंबाखू, वेप (म्हणजे ई-सिगारेट) हे सगळं सरसकट बंद करायचं का. सध्याचा नियम फक्त इमारतीच्या आतल्यापुरता आहे. दाराबाहेर एक पाऊल टाकलं की मोकळं रान. तर आमचे एक सहकारी (नाव घेत नाही, ते इथे आहेत, माझं सगळं वाचतात आणि कधीही लाइक करत नाहीत) चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "मुलं सज्ञान आहेत. मतदान करतात. आपण काही त्यांचे आईबाप नव्हे. शेवटी हा व्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्न आहे." टेबलाभोवतीच्या चारपाच माना लगेच हलल्या.

व्यक्तिस्वातंत्र्य! हा शब्द सिगारेटच्या शेजारी येऊन बसला की माझं डोकं फिरतं. का फिरतं ते सांगते, पण त्याआधी जिन्याबद्दल सांगायला हवं.

मी जिथे शिकवते तिथेच शिकले, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. लायब्ररीच्या मागे एक लोखंडी जिना आहे. आग लागली तर उतरण्यासाठी बांधलेला. (हो, आग. हा विनोद मी केलेला नाही.) मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमचे एक सर तास संपला की त्या जिन्यावर जाऊन सिगारेट शिलगावायचे. सर वर्गातही छान शिकवत, पण जिन्यावर जे बोलत ते वर्गात कधी बोलले नाहीत. कोणती पुस्तकं नुसती भंपक आहेत, कोणती जन्मभर पुरतील, 'माझं मत असं आहे' म्हणण्याआधी स्वतःला काय काय विचारायचं असतं. सर दोन पायऱ्या वर, आम्ही पाचसहाजण खाली. सगळ्यांच्या हातात सिगारेट, माझ्या हातात वही.

आता हे नीट वाचा. मला 'ओढ' असं कोणीही म्हटलं नाही. कोणी चिडवलं नाही. सरांनी तर एकदाही पाकीट पुढे केलं नाही. व्हायचं एवढंच की एकाची काडी दुसऱ्याला देताना दोन डोकी जवळ यायची, वारा लागू नये म्हणून हातांचा आडोसा व्हायचा, त्या दोन क्षणांत काहीतरी हळूच बोललं जायचं, हसू फुटायचं, आणि मी वही छातीशी धरून बाजूला उभी. तीन आठवडे मी दुसऱ्यांचा धूर फुकट खाल्ला. चौथ्या आठवड्यात मैत्रिणीला म्हटलं, एक दे.

तेव्हा वय १९. सोडली तेव्हा ३६.

सतरा वर्षं गेली हो! सज्ञान होते, मतदान करत होते, सगळं होतं. मला फक्त त्या पायरीवर बसायचं होतं, आणि बसायचं तिकीट ते होतं.

आणि स्वातंत्र्याचंच काढलंत म्हणून सांगते, हा शब्द सिगारेटला कोणी चिकटवला ते. १९२९ साली ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर काही तरुणी भर मिरवणुकीत सिगारेटी पेटवून चालल्या. बाईने रस्त्यावर ओढणं तेव्हा असभ्य मानलं जाई. सिगारेटींना नाव दिलं गेलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. केवढं क्रांतिकारक! फक्त मशालींचा हा सगळा बनाव एडवर्ड बर्नेज नावाच्या प्रसिद्धीवाल्याने रचला होता, आणि त्याचे पैसे अमेरिकन टोबॅको कंपनी मोजत होती. बायका फारशा ओढत नव्हत्या, म्हणजे जवळजवळ अर्धा बाजार पडून होता. एकोणिसाव्या वर्षी जिन्यावर पहिला झुरका घेताना माझ्याही डोक्यात होतंच, 'मुलींनी का नाही?' मला वाटत होतं हा बाणेदार विचार माझा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी कोणीतरी पगार घेऊन तो तयार करून ठेवला होता.

हे मी आज मीटिंगमध्ये बोलले. ह्याहून मोठ्या आवाजात.

थांबा, पाणी पिऊन येते.

आले. मला ओढणाऱ्यांचा राग नाही, हे लिहायचं राहत होतं. मी कोणत्या तोंडाने राग करू? सकाळी डोळे उघडायच्या आत हात पाकिटाकडे जायचा. धूर आत घेतला की दहाएक सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, मग थोड्या वेळाने ओसरतं आणि मेंदू पुन्हा मागायला लागतो. आपण म्हणतो 'ताण आला की ओढते'. त्यातला निम्मा ताण आधीच्या सिगारेटनेच आणलेला असतो. हे मला सोडल्यानंतर कळलं. पाच वेळा सोडून पुन्हा धरली, सहाव्यांदा सुटली. त्यामुळे 'निवड' हा शब्द कृपा करून माझ्यासमोर वापरू नका. निवड पहिल्या दहावीस सिगारेटींपुरती असते, आणि त्या ओढताना आपण बहुतेक कॉलेजच्या कुठल्यातरी जिन्यावर असतो.

हे नुसतं माझं रडगाणं नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाच्या) २०१२ च्या अहवालात आहे: मोठेपणी रोज ओढणाऱ्यांपैकी जवळजवळ ९९ टक्के लोकांनी पहिली सिगारेट २६ वर्षांच्या आत ओढलेली असते. बहुतेकांनी तर अठराच्याही आत. म्हणजे माणूस सव्विशीपर्यंत वाचला तर बहुधा वाचलाच. ही गोष्ट कंपन्यांना आपल्या आधीपासून ठाऊक आहे. नाहीतर वेपला फळांचे आणि मिठायांचे वास कशाला लागतात? पन्नाशीतल्या जुन्या ओढणाऱ्याला स्ट्रॉबेरी हवी असते का? आणि ह्यांच्या प्रामाणिकपणाचं म्हणाल तर १९९४ साली सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे हात वर करून शपथेवर बसले आणि एकामागून एक म्हणाले, निकोटिनचं व्यसन लागतं असं मला वाटत नाही. सातच्या सात.

ह्या मंडळींचा माल आमच्या मागच्या जिन्यावर फुकट खपतो. जाहिरात करायलाही कोणी लागत नाही. आमचे सरच होते की.

सरांबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. मला वाचायला शिकवलं ते त्यांनी. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल ही नावंसुद्धा मी पहिल्यांदा त्या जिन्यावर त्यांच्याच तोंडून ऐकली. १९५० साली ह्या दोघा ब्रिटिश संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांची पाहणी करून सिगारेटकडे बोट दाखवलं. डॉल स्वतः ओढायचे, आणि आकडे समोर आल्यावर त्यांनी सोडली. सर हे सांगायचे आणि धूर वर सोडत म्हणायचे, "आपण काही डॉल नाही." आम्ही खो खो हसायचो. किती हुशार वाटायचं ते वाक्य! पुढे त्याच डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदी २००४ साली मांडल्या. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिसाव्या वर्षी सोडली तर जवळजवळ सगळी दहा वर्षं वाचतात, चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ. सोडली त्या रात्री मी हा हिशेब कागदावर मांडला होता. सरांनी कधी मांडला नाही.

सरांना मी शेवटचं भेटले त्याला सहा वर्षं झाली. सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसं हळूहळू निकामी करून श्वास कोंडणारा आजार. नाकात ऑक्सिजनची नळी, खाटेशेजारी घुर्र करणारं यंत्र. तीन शब्द बोलायचे, मग श्वास गोळा करायचे. ज्या माणसाची वाक्यं आम्ही तासन्‌तास ऐकत बसायचो त्या माणसाची वाक्यं अशी तुटत होती. म्हणाले, "जिन्यावर जाता... का अजून?" मी म्हटलं, "नाही सर, सोडून पाच वर्षं झाली." त्यांना आनंद झाला, दिसलं मला ते. मग बराच वेळ थांबून म्हणाले, "मग तुम्ही... बोलता कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण खरंच कुठे बोलत नव्हतो.

तर पुन्हा आजच्या मीटिंगकडे. विरोधातले काही मुद्दे खरे आहेत, म्हणून टाकते. आवारात बंदी घातली की लोक फाटकाबाहेर जाऊन ओढतील. जातील. आणि दंड ठेवला तर तो आधी प्राध्यापकांना नाही, रात्रपाळीच्या वॉचमनलाच बसेल. बरोबर आहे, त्यावर विचार करा. ज्याला व्यसन लागलंच आहे त्याला नियमाची पाटी दाखवून भागत नाही, सोडायला मदत द्यावी लागते, समुपदेशन, निकोटिनच्या पट्ट्या, जे काय असेल ते. हेही मान्य. झालं? एवढंच मान्य आहे.

'ओढणाऱ्यांसाठी वेगळा कोपरा ठेवू' हे मात्र अजिबात मान्य नाही. इतका वेळ मी काय सांगतेय? कोपरा हाच तर रोग आहे! तुम्ही बाक टाकाल, वर पत्रा टाकाल, पावसात सगळ्या आवारात बसायला तेवढीच एक कोरडी जागा उरेल आणि मग पहिल्या वर्षाची पोरं तिथे नाही तर कुठे जातील? वर धूर काही पत्र्याखाली थांबत नाही. लायब्ररीच्या मागच्या खिडक्या उन्हाळ्यातही बंद असतात त्या का, हे मीटिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. तिथे बसणाऱ्या मुलांना विचारा. जिना झाडणाऱ्या मावशींना विचारा, रोज किती थोटकं निघतात. लोकांना वाटतं फिल्टर म्हणजे कापूस. सेल्युलोज अॅसिटेट असतं ते, प्लास्टिकच एक प्रकारचं, मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. मावशींच्या स्वातंत्र्याबद्दल कोणी चष्मा पुसत बोललं नाही.

आणि 'असं कुठे होतं का' म्हणणाऱ्यांसाठी: होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१४ मध्ये आपली सगळी आवारं धूरमुक्त आणि तंबाखूमुक्त केली. सिगारेट, वेप, चघळायची तंबाखू, सगळं, मोकळ्या हवेतसुद्धा. मी सोडली तेही हेच वर्ष, म्हणून लक्षात आहे. एवढी मोठी सरकारी विद्यापीठं, लाखो विद्यार्थी. तिथलं व्यक्तिस्वातंत्र्य कोसळल्याची बातमी काही माझ्यापर्यंत आली नाही. चोरून ओढणारे तिथेही असणारच, पण चोरून ओढणाऱ्याच्या पायाशी बसून कोणी तत्त्वज्ञान ऐकत नाही. मला तेवढं पुरे आहे.

बघा, पुन्हा चिडले.

खरं तर ही पोस्ट मी मीटिंगमुळे लिहायला बसले नाही. मीटिंग संपल्यावर डोकं तापलेलं होतं म्हणून सहज मागे गेले. कित्येक महिन्यांनी. जिन्याचा रंग उडालाय, बाकी तसाच. तिसऱ्या पायरीवर माझ्या वर्गातली पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. वर्गात तोंड उघडत नाही, पण परवा तिने जे चार पानी लिहून दिलं ते मी दोनदा वाचलं, इतकं चांगलं. तिच्या हातात न पेटवलेली सिगारेट होती. पेन धरावं तशी धरलेली. मला बघून तिने हात पाठीमागे नेला.

"माझी नाहीये मॅडम."

आणि ते खरं होतं. मैत्रीण फोन घ्यायला बाजूला गेली होती, तिची होती. ही नुसती सांभाळत होती. कोणता आठवडा चालू आहे ते मला बघताक्षणी कळलं.

दहा मिनिटांपूर्वी टेबलावर हात आपटणारी मी, तिथे तोंडातून एक अक्षर फुटेना. काय सांगणार, सर्जन जनरल? डॉल? हे सगळं ऐकूनच आम्ही हसत ओढत होतो. शेवटी विचारलं, "इथे का बसतेस?" ती म्हणाली, "सगळे इथेच बोलतात ना."

मी तिच्या शेजारी बसले. तिच्या चार पानांबद्दल बोललो. मैत्रीण परत आली, मला बघून गडबडली, मग तीही खालच्या पायरीवर टेकली. तिने आपली सिगारेट परत मागितली नाही, निदान मी होते तोवर. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. वरच्या टप्प्यावर कोणीतरी ओढत होतं, त्याचा धूर खाली येत होता, आणि खोटं कशाला बोलू, अकरा वर्षांनंतरही पहिल्या क्षणाला तो मला चांगलाच वाटला.

उठताना म्हटलं, तिसरं पान अजून बोलायचं राहिलंय, सोमवारी साडेअकराला माझ्या खोलीत या. दोघीही. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि विचारलं, अजून तिघं आली तर चालतील का? हो म्हणून बसलेय. माझ्या खोलीत खुर्च्या दोनच आहेत. शेजारच्या विभागातून चार मागवाव्या लागतील, म्हणजे चष्मेवाल्या सहकाऱ्यांकडूनच. सर, हे वाचत असालच. सोमवारी अकराला माणूस पाठवते.