‘ई-पुस्तक वाचताना कुणी बघत नाही’ म्हणे!

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावशीने एक फॉरवर्ड टाकला. चार मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक. ई-पुस्तकाचं मुखपृष्ठ कुणाला दिसत नाही, म्हणून वाचन अगदी खासगी. विमान मोड लावला की कंपनीला काही कळत नाही. वाचनालयाच्या रजिस्टरमध्येही नोंद होतेच, मग ओरड कशाला? आणि लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला? खाली अंगठ्यांची रांग. मी सोडून देणार होते, पण त्या ग्रुपवर माझी मामेबहीणही आहे.

मुखपृष्ठाचं खरं आहे, मान्य. लोकलमध्ये शेजारचीला काही दिसत नाही. पण शेजारची दादरला उतरून जाते. तुम्ही रात्री किती वाजता कुठल्या पानावर थांबलात, याची वही ती ठेवत नाही.

अशी वही ठेवली जाते, हा माझा संशय नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये अ‍ॅडोबीच्या ‘डिजिटल एडिशन्स 4’ या वाचनाच्या अ‍ॅपची भानगड बाहेर आली. कुठलं पुस्तक, किती वेळ वाचलं, किती टक्के झालं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरकडे जात होतं, आणि तेही एन्क्रिप्शन न करता. म्हणजे पोस्टकार्डच, वाटेत कुणीही वाचावं. कंपनीने हे नाकारलं नाही. परवाने तपासायला लागतं, म्हणाली, आणि पुढच्या आवृत्तीत एन्क्रिप्शन आणलं. पोस्टकार्डाला पाकीट मिळालं, एवढंच. आणि हेच अ‍ॅप अमेरिकेतली वाचनालयंही ई-पुस्तकं द्यायला वापरत होती, तेव्हा रजिस्टरवाला मुद्दाही इथेच मिटवू. आमच्या वाचनालयातले काका पुस्तक नेल्याची आणि आणल्याची तारीख लिहितात. मधल्या दिवसांत मी ते उशाला घेऊन झोपले की रडत वाचलं, त्यांना काय पत्ता?

विमान मोड? आयुष्यभर लावून ठेवणार आहात का? पुस्तक उतरवून घ्यायला कधीतरी नेट लावालच, आणि साठलेल्या नोंदी तेव्हा जाऊ शकतात. शिवाय वाट दोन्हीकडून चालते. जुलै 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली ऑर्वेलची ‘1984’, म्हणजे माणसांवर सतत पाळत ठेवणाऱ्या सत्तेवरची कादंबरी, त्यांच्या किंडल या वाचनयंत्रावरून परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण पुसायला पुस्तकही नेमकं हेच मिळावं!

आता ‘लपवण्यासारखं काही नसेल तर’. मामेबहिणीने घटस्फोटाच्या कायद्यावरचं एक ई-पुस्तक घेतलं. खातं घरात सगळ्यांचं मिळून एकच. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या टॅबवर तेच पुस्तक पहिल्या ओळीत हजर, ‘43 टक्के वाचून झालं’ या शेऱ्यासकट. तिने काही ठरवलं नव्हतं हो, नुसती चाचपत होती. पुस्तक वाचू नको, असं तिला कुणी म्हणालंही नाही. तिनेच ते काढून टाकलं. तेव्हापासून त्या खात्यावर ती पाककृतींपलीकडे काही उघडत नाही.

हे घरातलं झालं म्हणाल, तर बाहेरचं ऐका. ऑगस्ट 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या जामिनावर सुनावणी होती. असलं साहित्य घरात का ठेवलं, असं त्याला विचारलं गेलं. त्यातलं ‘वॉर अँड पीस’ हे टॉलस्टॉयचं की जवळपास त्याच नावाचं दुसरं पुस्तक, यावर लोकांनी विनोद करून घेतले. आरोप इतरही होते, हे खरं. पण नुसतं साहित्य जवळ बाळगणं हा यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन देताना सांगितलं ते जुलै 2023 मध्ये, अटकेला जवळजवळ पाच वर्षं झाल्यावर. ही कागदी पुस्तकं होती, मावशी. कुठल्या ओळीखाली किती वाजता रेघ मारली, ते त्यांनी कुणाला कळवलं नव्हतं.

मामेबहिणीला मी तेच पुस्तक छापील आणून दिलंय. वर्तमानपत्राचं कव्हर घालून.