केनियाच्या ‘सहा दिवस, साठ हजार’वाल्या मेसेजचा समाचार

‘सहा दिवस, साठ हजार! मसाई मारा आणि दियानी बीच, विमानभाडं धरून. व्हिसा नाही, इंजेक्शन नाही, कटकट नाही.’ हा मेसेज गेले काही आठवडे फिरतोय. (मसाई मारा म्हणजे केनियातलं अभयारण्य, दियानी तिथला समुद्रकिनारा.) मामींच्या भिशीच्या ग्रुपवरही तो पोचला आणि ‘इंजेक्शन नाही ते बरं झालं’ म्हणत तिथे ऑगस्टच्या तारखाही ठरू लागल्या. तेव्हा आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

इंजेक्शनचंच आधी बघू, कारण त्यातच खरा धोका आहे. मेसेज म्हणतो: ‘केनियात उतरताना भारतीयांना पिवळ्या तापाचं कार्ड कोणी विचारत नाही. एजंट उगाच लस टोचायला लावतात. भीतीच वाटत असेल तर येताना दुबईत एक रात्र थांबा, प्रश्न मिटला.’

पहिलं वाक्य खरं आहे, नाइलाजाने मान्य. भारतात पिवळा ताप नाही, त्यामुळे थेट मुंबईहून नैरोबीला उतरणाऱ्याकडे केनिया कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागत नाही. ते मागतो भारत, परत येताना! केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत केनिया आहे आणि नियमात पळवाट नाही: अशा देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरेल आणि ज्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. भारतीय असो की परदेशी. सहा महिन्यांखालच्या बाळांना सूट आहे. आता दुबईची युक्ती बघा. मोजणी केनिया सोडल्यापासून होते, शेवटचं विमान कुठून धरलं यावर नाही. दुबईत एक रात्र काढली तर एक रात्र कमी झाली, बस.

सहाच दिवस का? डास चावल्यापासून या तापाची लक्षणं दिसायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात. आणि तो पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास डेंगीवालाच, आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाढणारा. डास घरोघरी आहे, रोग अजून शिरलेला नाही, आणि शिरला तर त्यावर खास औषध नाही. म्हणून दारात अडवतात.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रांतच मिळते. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि बाटली उघडली की काही तासांत संपवावी लागते. त्यामुळे बरीच केंद्रं ठरावीक वारीच लस देतात आणि नाव आधी नोंदवावं लागतं. सोबत मूळ पासपोर्ट न्या, कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच अक्षर न् अक्षर तपासा. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं, म्हणजे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी नवं घ्यावं लागत नाही.

आणि मामींच्या ग्रुपसाठी खास: ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणाऱ्यांना ती सरसकट देत नाहीत. डॉक्टरांनी नको म्हटलं तर तसं पत्र मिळतं, पण पत्र दाखवलं की सुटलोच असं धरून तिकीट काढू नका. ‘न टोचता कार्ड देणारा माणूस’ सांगणाऱ्यांना तर नमस्कार करून ब्लॉकच करा. ज्यांना पुढे झांझिबारही करायचंय त्यांना टांझानियाही हेच कार्ड विचारतो, कारण तुम्ही केनियातून येताय.

मेसेजमधलं ‘मलेरियाला पपईच्या पानांचा रस पुरे’ हेही त्याच पठडीतलं. किनाऱ्यावर मलेरियाचा धोका चांगलाच आहे, मारातही आहे, आणि तिथला मुख्यतः फाल्सिपॅरम या प्रकारचा, जीवघेणा. क्लोरोक्विन हे मलेरियाचं जुनं औषध त्याच्यावर चालत नाही. मलेरिया टाळायच्या गोळ्या असतात: ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायचं. डॉक्सिसायक्लिन घेतलं तर परतल्यावर चार आठवडे. लोक घरी आले की गोळ्या सोडतात, तिथेच फसतात. कुठली घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचं. परतल्यावर काही महिन्यांत ताप आला तर ‘आफ्रिकेहून आलोय’ हे पहिलं सांगा.

व्हिसा: अर्धसत्य. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा काढून टाकला, पण त्याजागी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आणला. निघण्याआधी ऑनलाइन अर्ज, सुमारे ३० डॉलर फी, लहान मुलांचाही वेगळा. सरकारी साइटसारख्याच दिसणाऱ्या साइट दुप्पट-तिप्पट उकळतात, पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई आहे का ते बघा.

साठ हजार? मारात परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर प्रवेश फी आहे, जानेवारी ते जून १००. तीन दिवसांचे ६००. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी ५१,००० इथेच गेले. उरलेल्या नऊ हजारांत विमान, गाडी, ड्रायव्हर, जेवण आणि समुद्र बसवून दाखवा! प्रवेशाचं तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढंच चालतं. आत मुक्काम असेल तर शेवटच्या दिवशी दहाच्या आत गेटबाहेर पडायचं, नाहीतर नवं तिकीट.

मेसेजमधलं ‘सकाळी सिंह, दुपारी समुद्र’ हे गाडीने होत नाही. मारा ते नैरोबी नारोक गावामार्गे पाच-सहा तास, पुढे किनाऱ्यावरच्या मोम्बासा शहराची रेल्वे तेवढीच, आणि स्टेशन शहराबाहेर मिरितिनीला. दियानी तिथून आणखी दक्षिणेला. रेल्वे त्सावो अभयारण्यातून जाते आणि खिडकीतून हत्ती दिसू शकतात, हे खरं. मारातल्या धावपट्टीवरून दियानीजवळच्या उकुंडाला छोटी विमानं जातात, ती सोयीची. पण सामान हातातल्या पिशवीसकट १५ किलो, तेही मऊ बॅगेत. कडक सूटकेस पोटात मावत नाही म्हणून नाकारतात.

चिवडा-थेपले जरूर न्या, पण कॅरीबॅगेत नको: केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यावर कडक बंदी आहे. जून २०२० पासून उद्यानांत आणि किनाऱ्यांवर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. स्टीलचे डबे आणि बाटली बरी.

राहिला मेसेजमधला ‘आरशासारखा समुद्र’. ऑगस्टमध्ये तिथे कुसी म्हणजे आग्नेयेचा वारा असतो, पाणी खवळलेलं. शांत समुद्र हवा तर डिसेंबर ते मार्चची सुरुवात, पण तेव्हा मारात नदी ओलांडणारे विल्डबीस्ट या रानगुरांचे कळप नसतात. दोन्ही एकाच तारखेला मागू नका. ओहोटीला पाणी पार रीफपर्यंत, म्हणजे प्रवाळाच्या खडकापर्यंत, मागे सरतं, पोहायला उरत नाही, आणि खडकांत सी-अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचे काटे. म्हणून हॉटेलात उतरल्या उतरल्या भरतीच्या वेळा विचारा, आणि रबरी तळव्याचे पाण्यातले बूट इथूनच न्या.