गॅदरिंगची थीम ठरली, आता वाचनाचं कधी बोलायचं?

परवा शाळेत पालकांची मीटिंग होती. सव्वा तास चालली, त्यातला तासभर गॅदरिंगवर गेला. थीम लोककला घ्यायची का शिवकाल, कार्यक्रम कालिदास नाट्यगृहात करायचा का ग्राउंडवरच मांडव टाकायचा, एलईडी स्क्रीन लागेल का, प्रमुख पाहुणे कोण, बक्षीस वाटप आधी का डान्स आधी. सगळे हिरिरीने बोलत होते, एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारे मागच्या बाकावरचे पप्पा लोकसुद्धा. शेवटी एका आजींनी विचारलं, नातवाला आणायला रोज त्याच येतात, की "सर, तिसरीत गेला तरी अडखळत वाचतो हो, काही करता येईल का त्याच्यासाठी?" तर सर म्हणाले, "ते चालूच आहे आजी, ते रेग्युलर आहे." आणि मग चहा आला.

तेव्हापासून डोक्यात फिरतंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, वेळ नसेल तर पुढे जा.

एक आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी काढायला नको. मी नाशिकच्या सिडकोत शिवणकाम करते, आणि डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे जे काम येतं त्यातलं निम्म्याहून जास्त शाळांच्या गॅदरिंगचं असतं. रेडी नऊवारी, कोळी डान्सचे ड्रेस, मावळ्यांचे अंगरखे, फेटे. मेनरोडवरून सॅटिनचे तागे उचलायचे आणि रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालू. म्हणजे उद्या गॅदरिंग बंद झालं तर पहिला फटका मलाच. तरी बोलतेय, कारण मापं घ्यायच्या निमित्ताने मी वेगवेगळ्या शाळांच्या वर्गांत जाते आणि गेटवर उभ्या राहणाऱ्या पालकांना जे दिसत नाही ते मला दिसतं.

मापं घ्यायला बोलावतात ते शाळा भरलेली असतानाच. अकराचा सुमार, वर्गात जावं तर फळ्यावर तारीख मागच्या आठवड्यातली. अर्धी मुलं प्रॅक्टिसला, उरलेली वर्गात, आणि बाई त्यांना "पान नंबर अमुक, शुद्धलेखन लिहा" सांगून खाली स्पीकर सांभाळायला गेलेल्या. आता वर्गात उरलेली मुलं कोणती ते बघा. ज्यांना स्टेप जमत नाही म्हणून काढलं ती, आणि ज्यांच्या घरून ड्रेसचे अडीचशे-तीनशे आले नाहीत ती. त्यांना ना डान्स ना अभ्यास. तीन आठवडे नुसती बसून असतात हो ती पोरं, एकमेकांच्या वह्या ओढत. आणि नेमकी हीच मुलं वाचनात मागे असतात, हे कोणत्याही बाईंना एकटं गाठून विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत.

एका शाळेत मी चौथीतल्या एका उंच पोराला म्हटलं, तू यादीतली नावं वाच, मी माप घेते, म्हणजे पटापट होईल. पहिली दोन-तीन सोपी नावं वाचली त्याने. मग "समृद्धी" आलं. स... म... रु... करत थांबला, मागून एक मुलगी फिसकन हसली. पुढचं "कृष्णा" त्याने सरळ सोडलंच आणि यादी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मावशी तुम्हीच वाचा, मी टेप धरतो." टेप मात्र काय झकास धरली! कमर किती, उंची किती, इंच बघून धडाधड सांगत होता, अर्धा इंचसुद्धा चुकला नाही. नंतर खाली प्रॅक्टिस बघितली तर हाच पहिल्या रांगेत, पूर्ण चार मिनिटांचं गाणं तोंडपाठ, कोणत्या कडव्याला कोणी कुठून कुठे जायचं ते दुसऱ्यांना सांगतोय.

म्हणजे पोरगं ढ नाहीये. चार मिनिटांचा डान्स तीन आठवड्यांत बसतो, तो काय जादूने बसत नाही. रोज ठरलेल्या वेळेला होतो, चुकलं की परत पहिल्यापासून घेतात, मागे पडणाऱ्याला पुढच्याच्या शेजारी उभं करतात, आणि मुख्य म्हणजे दर दोन दिवसांनी मोठे सर स्वतः खाली येऊन बघतात. सर येणार म्हटलं की बाईसुद्धा पदर खोचून उभ्या राहतात. आता मला सांगा, वाचनाला हे सगळं वर्षातून एकदा तरी मिळतं का? तिसरीचा वर्ग कसा वाचतो हे ऐकायला मोठे सर कधी वर्गात येऊन बसलेत का? शाळेचा प्रमुख ज्याची तालीम बघायला येतो ते शाळेत होतं, बाकीचं "रेग्युलर" राहतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे खरं तर.

आणि हे हवेत बोलत नाहीये, आमच्या इकडच्याच एका शाळेत आधीच्या मोठ्या बाई होत्या त्या असं करायच्या. टेबलावर शिक्का, हजेरीचे कागद आणि दुसरीचं मराठीचं पुस्तक, हे तीन कायम. शनिवारी सकाळची शाळा असते ना, तेव्हा एकेका वर्गातली चार-पाच मुलं ऑफिसात बोलवायच्या आणि मध्येच कुठलंही पान उघडून द्यायच्या. रागावणं नाही, मारणं नाही, नुसतं ऐकायच्या आणि एका जाड वहीत नावापुढे काहीतरी लिहायच्या. त्यामुळे कोणाचं पोर कुठे अडतंय हे त्यांना वर्गशिक्षिकेच्या आधी माहीत. गॅदरिंग त्यांच्याकडेही व्हायचंच. ग्राउंडवर, घरच्या साड्या नेसून, पुस्तकातल्या कविता आणि एक छोटं नाटक. मला त्यांच्या शाळेकडून कधी मोठी ऑर्डर आली नाही (हसू नका), पण प्रत्येक मूल स्टेजवर असायचं, झाड नाहीतर ढग होऊन का होईना. त्या रिटायर झाल्या आणि ती वही कपाटात गेली.

आता आमच्या शाळेतल्या सरांना नावं ठेवण्यासाठी ही पोस्ट नाही. ते प्रभारी आहेत, म्हणजे मुख्याध्यापकाचं काम अंगावर आणि स्वतःचा वर्गही आहेच. पोषण आहाराची माहिती रोज भरायची, युडायसचं ऑनलाइन (शाळेची सगळी माहिती सरकारला द्यायची असते ते), निवडणूक आली की त्याची ड्युटी, आणि वरून व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज, अमुक दिन साजरा केल्याचे फोटो संध्याकाळी पाचपर्यंत पाठवा. योग दिन, वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, प्रत्येकाचा बॅनर, प्रत्येकाचा फोटो. मुलं किती वाचतात याचा फोटो निघत नाही ना. फोटो पाठवला नाही तर फोन येतो, तिसरीतल्या नऊ पोरांना जोडाक्षर येत नाही म्हणून कोणाचा फोन येत नाही. मग माणूस काय करणार, ज्याचा फोन येतो तेच करणार.

शिक्षण हक्क कायदा, 2009 चा, त्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास शिकवणं झालं पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे दिवसाला सरासरी चारच तास येतात. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास असे वीस दिवस प्रॅक्टिसला दिले तर 40 तास गेले, म्हणजे दहा पूर्ण दिवस, आणि हे फक्त गॅदरिंगचं. त्यात स्पर्धांची तयारी, पाहुणे यायचे म्हणून शाळा सजवणं, दुसऱ्या दिवशीची उतरलेली तोरणं आणि पेंगणारी पोरं धरा. आणि त्याच कायद्याच्या परिशिष्टात असंही आहे की प्राथमिकला 150 च्या वर मुलं असतील तर शाळेला मुख्याध्यापक हवा. प्रभारीवर वर्षानुवर्षं शाळा ढकलायची आणि मग म्हणायचं नेतृत्व नाही, याला काय अर्थ आहे?

वाचनाचं म्हणाल तर लक्ष्य काय ते सरकारने सांगून ठेवलंय. जुलै 2021 मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात तिसरी संपताना मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात असं ठरलंय, आणि 2026-27 पर्यंत देशातल्या सगळ्या मुलांनी तिथे पोचायचंय. आणि आहोत कुठे? असर नावाचा जो सर्व्हे होतो, ग्रामीण भागातल्या घरोघरी जाऊन करतात, त्याच्या 2024 च्या आकड्यांत देशभरातल्या सरकारी शाळांतली तिसरीची 23.4 टक्केच मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. 2022 ला 16.3 टक्के होती, म्हणजे सुधारणा आहे, नाही म्हणत नाही, पण चारातलं एक पोर सुद्धा नाही अजून. कोणी म्हणेल हे खेड्यांचं आहे, आपण नाशकातले. ठीकेय. आज रात्री आपल्या पोराला न वाचलेला धडा द्या, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि शब्द मोजा. मग वाचलं काय ते त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. मी माझ्या लेकीचं केलंय, म्हणूनच एवढी तावातावाने लिहितेय.

आणि कृपा करून "ताईंना कार्यक्रम नकोत" असं म्हणू नका. कार्यक्रम हवेत. स्टेजवर उभं राहून समोरच्या गर्दीकडे बघत चार वाक्यं बोलणं ही मोठी गोष्ट आहे, कंपनीतल्या मुलाखतीत घाम फुटतो तेव्हा कळतं. आषाढीची दिंडी मला मनापासून आवडते, छोटी छोटी विठ्ठल-रखुमाई चालली की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा थांबून हात जोडतो. पण तोच कार्यक्रम दोन प्रकारे होतो. आनंद मेळावाच घ्या. कल्पना किती छान आहे, मुलांनी मेथी-कोथिंबीर, भेळ, लिंबू सरबत विकायचं, सुटे परत द्यायचे, संध्याकाळी नफा किती ते काढायचं. गणिताचे आठ तास एका दुपारी होतात. होतं काय? आई पाणीपुरी करते, बाबा पैसे मोजतात, पोरगं बाजूला उभं राहून फोटोला व्ही दाखवतं. कोणीतरी पालकांना गेटच्या बाहेर ठेवायला पाहिजे, आणि ते काम मोठ्या सरांशिवाय कोणाचं आहे?

किंवा 27 फेब्रुवारी. कुसुमाग्रजांच्या गावात राहतो आपण, त्या दिवशी ग्रंथदिंडी निघणारच. पालखीत पुस्तकं असतात, मुली नऊवारीत (शिवते मीच), लेझीम, फोटो. दिंडी परत आली की पुस्तकं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. चावी हरवेल, पुस्तक फाटेल, जबाबदारी कोण घेणार. अहो फाटू द्या की! फाटलेलं पुस्तक म्हणजे कोणीतरी उघडलं होतं. आपल्याकडे 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, सावाना म्हणतो आपण, तिथे नेऊन आणा ना चौथीच्या मुलांना. सहल म्हटली की वॉटर पार्कच का आठवतो कोण जाणे. थंडीत नांदूरमध्यमेश्वरला इतके पक्षी येतात, निफाड तालुक्यातच आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) ते, जाऊन मोजा, चित्रं काढा, आल्यावर दहा ओळी लिहा. कार्यक्रमही झाला आणि फोटोही मिळाले वर पाठवायला.

आता आपलं पालकांचं बोलते. शाळा व्यवस्थापन समिती असते हे किती जणांना माहितीये? त्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. शाळेचं काम कसं चाललंय यावर लक्ष ठेवणं आणि विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. अनुदानित शाळेत तिचा अधिकार सल्ला देण्यापुरता, पण सल्ला द्यायला तरी तोंड उघडावं लागतं की नाही. आमच्याकडे रजिस्टर घरी सहीला येतं, मीटिंग झाली असं समजायचं आणि सही करायची. मीटिंग ठेवतात दुपारी तीनला, म्हणजे अंबडच्या कारखान्यांतला फर्स्ट शिफ्टवाला अजून कंपनीच्या गेटवर आणि सेकंड शिफ्टवाला नुकताच आत गेलेला. मग येतात कोण, ज्यांना वेळ आहे ते, आणि त्यांना हौस गॅदरिंगची. संस्थावालेही खूष, कारण मोठा कार्यक्रम झाला की पुढच्या वर्षीचे प्रवेश वाढतात असा त्यांचा हिशोब आहे. तो हिशोब अगदीच चुकीचा नाही, कारण आपणच शाळा बघायला जातो तेव्हा रंग, स्टेज आणि गॅदरिंगचा व्हिडिओ बघतो, "तुमच्या तिसरीचं पोर मला वाचून दाखवेल का" असं विचारलंय कधी कोणी? मी तरी कोणाला विचारताना ऐकलं नाही.

त्या आजी आणि मी आणि अजून काही जणींनी मिळून सरांना अर्ज दिलाय. प्रॅक्टिस शाळा सुटल्यावर किंवा शेवटच्या तासाला, त्याच्या आधी नाही. डान्समध्ये सगळी मुलं, ड्रेसचे पैसे आले नसतील तरी (त्यांचे ड्रेस मी कापडाच्या खर्चात शिवून देईन, हे लिहून दिलंय). आणि आठवड्यातून एकदा मोठ्या सरांनी तिसरीच्या वर्गात बसून मुलांचं वाचन ऐकायचं, त्यांच्या वर्गावर तेवढा वेळ आम्ही दोघी-तिघी आया आळीपाळीने थांबू. सरांनी अर्ज वाचला, डोक्याला हात लावला, मग हसले आणि म्हणाले, "पहिले दोन बघतो, तिसऱ्याचं मलाच बरं वाटेल हो, पण पोषण आहाराचं कोण भरणार?" तर ते भरायला जमेल असे कोणी रिटायर्ड, कॉम्प्युटर येणारे आजोबा-काका पवननगर-उत्तमनगर भागात असतील तर मला इनबॉक्स करा. पासवर्ड देता येणार नाही म्हणाले सर, पण आकडे कागदावर तयार करून दिले तरी अर्धा तास वाचेल.

पुढची मीटिंग रविवारी सकाळी दहाला ठेवायला लावलीये, सगळ्या शिफ्टवाल्यांना जमेल अशी. मोबाईल आत ठेवून या.