केबल गेली म्हणून वजन जात नाही

क्रॉस-कंट्री (कच्च्या चढ-उतारांवरच्या शर्यतीच्या) सायकलला ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करता येणारा सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी) लावायचा विचार आहे, असं सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणी नुसतं म्हटलं की एक ठरलेला मेसेज येऊन पडतो. मजकूर साधारण असा: "डोळे झाकून वायरलेस घ्या. केबलच नाही, त्यामुळे सगळ्यात हलका. कुठल्याही फ्रेमला बसतो. देखभाल शून्य. महिन्यातून एकदा चार्ज केला की विषय संपला. केबलवाले आता बाद." पाच विधानं आहेत. त्यातली दोन अर्धी खरी आहेत.

आधी वजन, कारण लोक त्याच्यासाठीच पैसे मोजायला तयार होतात. मोटर सीट वर-खाली करते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. सीट खाली जाते ती आपल्या वजनाने, आणि वर येते ती आत कोंडलेल्या हवेच्या नाहीतर स्प्रिंगच्या जोराने. केबल फक्त आतली पकड सोडवते. वायरलेसमध्ये तेवढंच काम छोटी मोटर करते. म्हणजे केबल, आउटर (केबलचं बाहेरचं आवरण) आणि लिव्हर मिळून ऐंशी-शंभर ग्रॅम काढायचे आणि त्यांच्या जागी मोटर, सर्किट, बॅटरी आणि हँडलबारवरचं बटण आणून बसवायचं. यात वजन घटणार कुठून?

आकडे बघा. रॉकशॉक्सचा रिव्हर्ब एएक्सएस हा वायरलेस ड्रॉपर २०१९ मध्ये आला. त्याचं १५० मिमी ट्रॅव्हलचं (म्हणजे सीट तेवढी खाली जाणारं) मॉडेल ६५० ग्रॅमच्या आसपास भरतं. एवढा ट्रॅव्हल क्रॉस-कंट्रीला लागत नाही म्हणाल, तर त्याचं ग्रॅव्हल सायकलींसाठी (कच्च्या रस्त्यांवरच्या) काढलेलं बारकं भावंड घ्या: २७.२ मिमी व्यास, ५० किंवा ७५ मिमी ट्रॅव्हल. तेही अर्ध्या किलोच्या वरच. दुसरीकडे डीटी स्विसचा डी २३२ (६० मिमी ट्रॅव्हल) आणि बाईकयोकचा डिव्हाइन एसएल (८० मिमी) हे ४०० ग्रॅमच्या आसपासचे, आणि दोन्ही केबलवर चालणारे. इथे एक मेख आहे. केबलवाल्या पोस्टचं जाहीर केलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या पोस्टचं असतं, लिव्हर-केबल धरलेली नसते. त्यामुळे त्यात ते शंभरेक ग्रॅम प्रामाणिकपणे मिळवा. तरी पारडं केबलकडेच झुकतं.

हलका ड्रॉपर हलका का असतो, हे या मेसेजमध्ये कधीच नसतं. ट्रॅव्हल कमी, नळ्या आखूड, आतली रचना साधी, म्हणून. फॉक्सने २०२१ मध्ये ट्रान्सफर एसएल काढला तेव्हा हायड्रॉलिक भाग काढून टाकला आणि सगळं यांत्रिक ठेवलं. वजन उतरलं, पण सीट एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली, अधेमधे थांबत नाही. हा सौदा ज्याला चालतो त्याला हलका ड्रॉपर मिळतो. केबल असण्या-नसण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आणि या ग्रॅमांची किंमत किती, तेही मांडून पाहू. सायकलसकट रायडर ८० किलो धरा आणि दोन ड्रॉपरमधला फरक २०० ग्रॅम. उभ्या चढावर वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पाव टक्का. वीस मिनिटांच्या चढाला तीन सेकंद. जो पदकासाठी धावतो त्याने ती मोजावीत. बाकीच्यांनी सीट किती खाली जायला हवी, हे आधी ठरवावं. ६० मिमीचा ड्रॉपर घेऊन दगडधोंड्यांच्या उतारावर सीट पोटात टोचत राहिली, तर ती तीन सेकंद पहिल्याच वळणावर ब्रेक दाबण्यात जातात.

"कुठल्याही फ्रेमला बसतो", हे पहिलं अर्धं खरं विधान. ज्या जुन्या फ्रेमला आतून केबल न्यायला भोकच नाही, तिथे वायरलेस खरोखर कामाचा. ड्रिलची भानगड नाही, बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचा भाग) उघडायला नको, पाच मिनिटांत लागतो आणि दुसऱ्या सायकलवर नेता येतो. कुणी या कारणासाठी घेत असेल तर मी अडवणार नाही. पण व्यास जुळायलाच हवा. सीट ट्यूब (फ्रेमची ज्या नळीत पोस्ट बसतो ती) २७.२, ३०.९, ३१.६, ३४.९ मिमी अशा मापांत येतात. मोठ्या नळीत बारीक पोस्ट शिम (मधली फट भरणारी पातळ नळी) घालून बसवता येतो, उलटं होत नाही. पहिला रिव्हर्ब एएक्सएस २७.२ मध्ये मिळतच नव्हता, आणि बऱ्याच जुन्या क्रॉस-कंट्री हार्डटेलचं (मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलीचं) माप नेमकं तेच. मग पोस्ट किती खोल जातो तेही बघावं लागतं: फुल सस्पेन्शन फ्रेममध्ये सीट ट्यूबला बाक असतो किंवा मध्ये सस्पेन्शनचा सांधा (पिव्हट) येतो, आणि पोस्ट तिथेच अडतो. शिवाय त्या रिव्हर्बची बॅटरी सीटखाली मागच्या बाजूला असते. छोटी फ्रेम, मोठं चाक, सीट पूर्ण खाली आणि सस्पेन्शन पूर्ण दबलेलं, अशा वेळी टायर बॅटरीला घासू शकतो. शॉकमधली हवा काढून, मागचं चाक पूर्ण वर दाबून हे घरीच तपासता येतं. सॅडल बॅगची जागाही जाते, पण ते चालवून घेता येईल.

देखभाल शून्य? पोस्टच्या तोंडावरचं सील, आतले बुशिंग, तेल, हवा हे सगळं वायरलेसमध्येही तसंच आहे. पावसाळ्यातला लाल चिखल सीलमध्ये शिरताना केबल आहे की नाही हे विचारत नाही. कमी झाली ती फक्त केबल, म्हणजे अख्ख्या ड्रॉपरमधला सगळ्यात स्वस्त आणि कुठेही मिळणारा भाग. आत बहुतेक वेळा साधी गिअरचीच इनर (आतली तार) असते. ती तुटली तर तालुक्याच्या सायकल दुकानातही काम होतं. मोटर किंवा सर्किट गेलं तर मात्र पार्सलची वाट पाहत बसायचं.

चार्जिंगचा त्रास खरंच मोठा नाही, हे मान्य. एएक्सएसची बॅटरी त्याच मालिकेच्या वायरलेस गिअरच्या मागच्या डिरेलरलाही (गिअर बदलणाऱ्या भागाला) तीच चालते, त्यामुळे वाटेत गिअरची संपली तर सीटची काढून तिथे लावता येते. ही सोय मला आवडते. फक्त वापरला नाही म्हणून चार्ज शिल्लक असेल, या भरवशावर राहू नका. हे पोस्ट हादऱ्याने जागे होतात. सायकल गाडीच्या रॅकवर टाकून चार तास घाटातून नेली की पोस्ट चार तास जागाच. बॅटरी काढून खिशात ठेवा. बटणातला सीआर २०३२ सेल वेगळा, तो चार्ज होत नाही.

राहिलं केबलवाल्यांचं बाद होणं. मागुराने विरॉन नावाचा वायरलेस ड्रॉपर रिव्हर्बच्याही आधी काढला होता, म्हणजे ही कल्पना काही कालची नाही. आणि मार्च २०२२ मध्ये व्यावसायिक सायकलपटू मातेय मोहोरिचने मिलान-सान रेमो ही इटलीतली रस्त्यावरची शर्यत जिंकली ती रोड सायकलला ड्रॉपर लावून, शेवटच्या पोज्जिओ टेकडीच्या उतारावर सगळ्यांना मागे टाकून. तो ड्रॉपर होता फॉक्सचा, केबलवर चालणारा. रिव्हर्ब एएक्सएस तोवर तीन वर्षं बाजारात होता, आला तेव्हा ८०० डॉलरला. आपल्याकडे आणायचा तर ड्युटी वेगळी.