दोन पीआर, पाच वर्षं आणि एक वावर

माझ्या पीआरवरून, म्हणजे परदेशात कायम राहायच्या परवान्यावरून, आमच्या दारव्हा तालुक्यातल्या घरी सध्या दोन तट पडलेत. मी दोह्यात नोकरीला. इथला परवाना नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की मुक्काम हलवायचा. म्हणून कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया, दोन्हीकडे एकदमच अर्ज टाकावा का, हा विषय निघाला. मोठेबाबा फोनवर म्हणाले, "कपाशीत तूर लावतोच नं आपण? एक गेलं तं दुसरं पदरात पडते. दोन्हीकडे भरून ठेव नं बाप्पा, कोनतं तं लागन." चुलतभावाचं वेगळंच: आधी वावर कोण पाहणार ते सांग, मग कॅनडाचं बोल.

मोठेबाबांचा दाखला बिनतोड वाटतो. पण २०१७ आठवा. वर्षाच्या सुरुवातीला तुरीचा बाजारभाव क्विंटलमागे ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या रांगा आणि आत बारदाना नाही. त्याच वर्षीच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सडकी सरकी. तूरही गेली, कापूसही गेला.

देशांचंही तसंच होतं. घरभाडी वाढली, लोक कुरकुरले की सगळीकडची सरकारं एकाच सुमारास दारं ओढून घेतात. कॅनडानं २०२४ साठी ४,८५,००० नव्या पीआरचं लक्ष्य ठेवलं होतं, ते २०२५ साठी ३,९५,००० वर आणलं. तिथं अर्जदार गुणांवर निवडतात; मार्च २०२५ पासून त्यातले नोकरीच्या ऑफरचे जादा गुणही काढून टाकले. ऑस्ट्रेलियानंही २०२४-२५ चा आकडा १,९०,००० वरून १,८५,००० केला. कपात किरकोळ, पण दिशा तीच.

आणि समजा दोन्ही लागल्या, मग काय? दोन्ही अर्ज एकदम करायला कुणाचा कायदा आडवा येत नाही. आखातातले कित्येक जण करतात, मग 'सॉफ्ट लँडिंग' म्हणून तिथं जाऊन कागद पक्के करतात आणि परत कामावर रुजू होतात. अडचण नंतरची. पीआर टिकवायची तर कॅनडाला दर पाच वर्षांत ७३० दिवस प्रत्यक्ष मुक्काम लागतो. ऑस्ट्रेलियाच्या पीआरवर बाहेर जाऊन परत यायची मुभा पाच वर्षांची. ती पुढे आणखी पाच वर्षांसाठी हवी तर आधीच्या पाचांतली दोन वर्षं तिथं काढलेली असावी लागतात. दोन आणि दोन चार. उरलेल्या एका वर्षात नोकरी, पोरांची शाळा आणि गाव बसवा. मला तर वाटतं, दोन पीआरची हौस म्हणजे निर्णय पुढं ढकलायचा महागडा मार्ग आहे. फी दोनदा, कागदपत्रं दोनदा, आणि कात्री गावाच्या दिवसांना.

चुलतभावाची भीती मात्र चुकीच्या जागी आहे. त्याला वाटतं, पीआर झाली की सातबाऱ्यावरून नाव उडते. तसं नाही. पीआरनं नागरिकत्व जात नाही; ते दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जातं, कारण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. वारसानं येणारी शेती तेव्हाही मिळू शकते. बंदी आहे ती शेती विकत घेण्यावर आणि बक्षीसपत्रानं घेण्यावर, अन् ती मला अनिवासी म्हणून आजच, दोह्यात बसूनही लागू आहे. बाबा हौसेनं बक्षीसपत्र करायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

मी एकच अर्ज करणार आहे, ऑस्ट्रेलियाचा. वयाचे गुण तिथं तेहतिसाव्या वर्षी उतरतात आणि चाळिसाव्या वर्षी आणखी, त्यामुळे रेंगाळून चालणार नाही. पण खरं कारण सांगितलं तर एजंट हसेल. तिथल्या शाळांची मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत असते, म्हणजे आमच्याकडे कापूस वेचणीला मजूर मिळेनासा होतो आणि तूर सोंगणीला येते तेव्हा. कॅनडाची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. त्या चिखलात मी जाऊन करणार काय? डवरा धरायची सवय केव्हाच मोडली.

शेजारचं दोन एकर विकायला निघालंय, तेवढा प्रश्न बाकी आहे. ते चुलतभावानं स्वतःसाठी घ्यावं, मी हातभार लावीन म्हटलंय. पण मग पीआरची फी पुढल्या वर्षावर जाईल, कारण दोन्हीला पैसा एकाच खात्यातून जायचा आहे. बायकोचं मत आधी फी. भावाला इसार द्यायची घाई आहे.