हात मळू न देता तंत्रज्ञान कसं शिकवावं

अभिनंदन, मुख्याध्यापक महोदय! तुमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातानं वस्तू जोडून-मोडून शिकायची प्रयोगशाळा, मंजूर झाली. संस्थेनं चौकात फ्लेक्स लावला, त्यात संस्थाचालक, त्यांचे चिरंजीव, आमदार आणि आमदारांचे चिरंजीव यांच्यानंतर पाचवा का होईना, तुमचाही फोटो आला. मोडक्या बेंचांनी भरलेल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीला निळा-पिवळा रंग लागला. अनुदान वीस लाखांचं आहे. दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पुढची जास्तीत जास्त पाच वर्षं लॅब चालवायला. योजना केंद्र सरकारची, २०१६ पासूनची, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. शिवाय २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झालीय, तेव्हा हे ज्ञान आता तुमच्या एकट्याच्या कामाचं राहिलेलं नाही. प्रश्न एकच आहे. इतक्या किमती सामानाला पोरांचे हात लागण्यापासून वाचवायचं कसं?

सुरुवात कुलपापासून करावी. कुलूप दोन जागी हवं, एक खोलीला आणि एक आतल्या काचेच्या कपाटाला. खोलीची किल्ली शिपाईमामांकडे, कपाटाची क्लार्ककडे. दोघंही एकाच दिवशी हजर असतील अशी तारीख वर्षातून चार-सहा वेळा येते, तेवढ्यावर लॅब छान चालते. कपाट मात्र काचेचंच घ्या. मुलांना आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम लिहून चालवायचा तो छोटा सर्किट बोर्ड, लांबून दिसला पाहिजे. हात न लावता नुसतं दर्शन घेण्याचं वळण आपल्या मुलांना लहानपणापासून आहेच.

आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवा. अगदी एलईडीसुद्धा. एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण, आणि मध्ये प्रवाह आवरणारा रेझिस्टर न लावता तो नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडला की क्षणभर लख्ख पेटतो आणि कायमचा जातो. ही गोष्ट फळ्यावर दहा वेळा लिहून कळत नाही, एक जाळला की कळते, म्हणजे शिकवणीचा खर्च दोन रुपये. पण रजिस्टरला ‘मुलाला कळले’ असा रकाना नसतो. तिथं ‘शिल्लक’ आणि ‘तूट’ एवढेच रकाने. तूट दिसली की ऑडिटवाले विचारणार, आणि ऑडिटवाल्यांना ओहमचा नियम सांगून उपयोग नाही. तेव्हा शिल्लक शंभरातले शंभर दिसू द्या. (इथं शिक्षकाला हसण्यात अर्थ नाही हेही सांगून ठेवतो. ज्याच्या पगारातून वसुली व्हायची भीती आहे, तो माणूस कपाट उघडेलच कशाला?)

थ्रीडी प्रिंटरची वेगळी काळजी घ्यायला हवी, कारण पाहुणे तोच बघायला येतात. या यंत्रावर तळहाताएवढी वस्तू छापायला तीन-चार तास लागतात आणि तुमची तासिका असते पस्तीस मिनिटांची. एखादा उत्साही शिक्षक म्हणेल, सर, दोन-तीन तासिका जोडून द्या, नाहीतर शाळा सुटल्यावर मुलांना थांबू द्या. त्याला वेळापत्रकाचा कागद दाखवा. यंत्र कसलंही येवो, वेळापत्रक बदलत नसतं. आणखी एक सोय आहे. त्यात वापरायची प्लास्टिकची तार हवेतला दमटपणा शोषून घेते. जूनमध्ये रीळ उघडं ठेवलं की ऑगस्टपर्यंत तार ठिसूळ होते, छापताना तडतड करते आणि मध्येच तुटते. म्हणजे कोकणात किंवा घाटमाथ्यावर शाळा असेल तर तुम्हाला वेगळे कष्टच नाहीत, पाऊस सगळं बघून घेतो. फक्त उद्घाटनाच्या आधी कंपनीच्या माणसाकडून शाळेच्या नावाची एक किचेन आणि शिवाजी महाराजांचा एक छोटा पुतळा छापून घ्या. पुढची पाच वर्षं प्रत्येक पाहुण्याला हेच दोन नग दाखवायचे आहेत. ‘हे आमच्या मुलांनी बनवलं’ म्हणताना मुलांपैकी कुणी जवळ उभं नसेल एवढं बघा.

लॅबचा प्रभारी कोण? जो आधीच निवडणुकीचा बीएलओ आहे, यूडायसच्या सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती भरतो, पोषण आहाराचं ॲप सांभाळतो आणि स्काउटचंही बघतो, तोच. त्याला वेळ मिळणार नाही याची खात्री असते. ज्याला वेळ आहे आणि घरी मिक्सर खोलून बसायची खोड आहे, अशा माणसाला चुकूनही नेमू नका. तो एका महिन्यात कपाट रिकामं करेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं मोठं धोरण आहे, आपण असं वागलेलं चालेल का? निर्धास्त राहा, याला परंपरा आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकारानं परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि ठरलं की मुलांनी हातानं काम करत शिकावं. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगानं पुन्हा तेच सांगितलं आणि ‘कार्यानुभव’ आला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याचं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केलं. २०२० च्या धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे पाठवायला सांगितलं. दर पिढीत कुणीतरी मोठं माणूस हेच सांगतं आणि दर पिढीत शाळा खोलीवरची पाटी तेवढी बदलते. आमच्या पिढीनं कार्यानुभवात पुठ्ठ्याची फाइल आणि खडूचे पक्षी केले, तेही आईनं. त्या हिशेबानं तुम्ही रंगाचा खर्च करून मोकळे झालात.

शाळा जुनी असेल तर एक अडचण येऊ शकते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तांत्रिक विषयाची कार्यशाळा सापडेल. लाकडी बाकाला बसवलेले, वस्तू घट्ट पकडणारे व्हाइस, भिंतीला टांगलेल्या कानशी, रंधे, पटाशा, गुण्ये. एके काळी आठवी ते दहावीची मुलं इथं लोखंडाची पट्टी कानशीनं घासून काटकोनात आणायची. गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची आणि फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायची. सर जॉब हातात घ्यायचे, काही न बोलता परत द्यायचे. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, शिवाय मुलांच्या शर्टाला ग्रीस लागतं. भंगारवाल्याला बोलवा. किलोवर जाईल, आणि त्या पैशात लॅबच्या दारावर ‘इनोव्हेशन’ असं स्टीलच्या अक्षरांत लिहून होईल.

डिझाइनकडेही लक्ष द्यायला हवं, हल्ली तपासणीला विचारतात. डिझाइन थिंकिंगच्या पाच पायऱ्या आहेत: समोरच्याची अडचण त्याच्या जागी जाऊन समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना सुचवणं, कच्चा नमुना करणं आणि तो तपासून बघणं. यावर पाच गुणांचा प्रश्न काढा. पाच पायऱ्या, पाच गुण, अर्धा गुण शुद्धलेखनाला कापायचा. वर्गात खिडकीजवळच्या बेंचाचा खिळा वर आलाय आणि वर्षभरात तिथं बसणाऱ्या प्रत्येकाची पँट फाटलीय. पण तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा. मुलं त्याच बेंचावर जरा तिरकी बसून पहिल्या पायरीची व्याख्या पाठ करतील. सीबीएसईच्या शाळांत २०१९ पासून नववीला एआय हा विषय घेता येतो, तिथंही प्रोजेक्टच्या टप्प्यांचं असंच करता येतं.

आपल्याकडे खरं तर चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी हा मार्ग कधीच आखून दिलाय. संकल्पचित्र म्हणजे डिझाइनच की! चौकोन आखा, त्यात मासा, पोपट नाहीतर पान बसवा, उलटसुलट फिरवा, पोस्टर कलरनं रंगवा, काळी रेघ मारा. क्लासवाल्यांकडून एक मासा घोटून घेतला की वर्तुळ येवो की षट्कोन, मासा बसतोच. स्मरणचित्रही आधी पाठ करून ठेवता येतं, बसथांबा एक आणि बाजार एक. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला सात गुण, बी ला पाच, सी ला तीन. सात गुण पडले की ब्रश माळ्यावर. पालक चित्राचं विचारत नाहीत, सर्टिफिकेटची झेरॉक्स बोर्डाला वेळेत गेली का, हे विचारतात. आणि त्यांचं चुकतं असंही नाही, अकरावीच्या यादीत सात गुणांनी कॉलेज बदलतं.

पालकांचा विषय निघालाच आहे तर विज्ञान प्रदर्शनाचं बघू. इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, अंधांसाठी काठी आणि स्मार्ट कचराकुंडी, एवढ्या तीन प्रकल्पांत कुठलंही तालुका प्रदर्शन भरतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे, पुण्यात पासोड्या विठोबाजवळची दुकानं आहेत. प्रकल्पाचं नाव सांगितलं की दुकानदारच सुटे भाग काढून देतो. बाकीचं बाबा रात्री करतात. कचराकुंडीवरचा सेन्सर आवाजाची लहर सोडतो, ती परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो आणि हात जवळ आला की झाकण उघडतं. परीक्षकांनी ‘हे कसं चालतं?’ विचारल्यावर मुलानं ‘टेक्नॉलॉजीवर’ असं म्हणून थांबावं. पुढे बोललं की गोंधळ होतो. खरी कचराकुंडी, जिला झाकणच नाही, ती प्रदर्शनाच्या दिवशी मंडपामागे हलवून ठेवा.

इन्स्पायर मानक या मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवडलेल्या मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी मोबाइलवर शोधलं की पाच कल्पना अर्ध्या तासात मिळतात. मुलांना विचारत बसलात तर ती खरोखरच काहीतरी सांगतील.

आणि हा धोका काल्पनिक नाही. समजा, नववी ब मधली एक मुलगी तुमच्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, सर, पिण्याच्या पाण्याचा कोपऱ्यातला नळ गळतोय. तुम्ही म्हणालात, बरं, मामांना सांगतो. ती जात नाही. सांगते, मी खाली बाटली लावून बघितली, एक लिटर भरायला बारा मिनिटं लागतात, म्हणजे तासाला पाच लिटर, दिवसाला एकशेवीस. नळ उघडला तर आतला वॉशर झिजलेला होता, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून तिनं बसवला. पहिला जाड झाला, नळ बंदच होईना. दुसरा नीट बसला, पण आठवडाभर टिकतो का ते बघायचंय. पान्हा मामांकडून घेतला होता, परत दिला.

इथं तुमची कसोटी आहे. हिनं अडचण बघितली, मोजली, नमुना केला, तो फसला, दुसरा केला आणि आता तपासतेय. म्हणजे पाच गुणांचा तो सगळा प्रश्न हिनं नळाखाली उकिडवं बसून सोडवलाय आणि लॅबमधली एकही वस्तू वापरलेली नाही. खर्च शून्य. खर्चाच्या कुठल्या हेडला दाखवणार? फोटो काढला तर दिसणार काय, न गळणारा नळ? तिला शांतपणे समजवा की बाळा, कल्पना छान आहे, पण यात सेन्सर टाक, मोबाइल ॲप टाक, ‘आयओटी आधारित स्मार्ट नळ’ असं नाव दे. मग वडिलांना फोन करा. महिन्याभरात थर्माकोलच्या शाळेवर लाल-हिरवे दिवे लागणारं मॉडेल तयार होईल आणि जिल्ह्याला जाईल. तोवर ट्यूबचा तुकडा निसटून नळ पुन्हा गळू लागलेला असेल, पण ती बाब बांधकामाच्या हेडमध्ये येते.

शेवटची दक्षता सहलीबाबत. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. सहलीची बस अष्टविनायकाला जाताना चालकाला सांगून ठेवा, पाबळच्या बाजूला वळायचं नाही. तिथं डॉ. श्रीनाथ कालबाग नावाचे शास्त्रज्ञ मोठ्या कंपनीतली संशोधनाची नोकरी सोडून राहायला गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पद्धतीत शाळेतली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, स्वयंपाक, रक्तगट तपासणी असली कामं करतात, तीही नमुन्यादाखल नव्हे, तर गावाला लागणारी. आठवी-नववीची मुलं मोजून मापून, खर्चाचा अंदाजपत्रकी हिशेब काढून वस्तू बनवतात आणि त्या वापरल्या जातात. २००२ मध्ये तिथं अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या डिझाइनवरून वस्तू बनवायची कार्यशाळा, उभी राहिली, म्हणजे आपल्याकडे टिंकरिंग हा शब्द फ्लेक्सवर यायच्या चौदा वर्षं आधी. तुमच्या शिक्षकांनी हे एकदा बघितलं की परत आल्यावर किल्ली मागतात.

एवढं सगळं सांभाळूनही एक दिवस प्रिंटर बंद पडेल, आणि तो तपासणीच्या आदल्या दिवशीच पडेल. कंपनीचा माणूस फोन उचलणार नाही. अशा वेळी स्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीची टपरी असलेल्या त्या पोराला बोलवा. तुमचाच माजी विद्यार्थी आहे. आठवीत असताना वर्गातलं घड्याळ खोललं म्हणून पालकांना बोलावून दाखला हातात द्यायची धमकी तुम्हीच दिली होतीत. तो येईल, प्लास्टिक वितळवणाऱ्या तोटीचं तापमान दोनशे अंशांच्या वर नेईल, बारीक सुईनं अडकलेलं प्लास्टिक मोकळं करेल, खालची पाटी कागद सरकवून समतल करेल आणि पंधरा मिनिटांत यंत्र चालू करेल. मुलं खिडकीतून बघत असतील, त्यांना हाकला. तो जाता जाता कपाटाकडे बघून म्हणेल, ‘सर, शनिवारी दुकान दुपारनंतर बंद असतं. म्हणाल तर येतो पोरांना दाखवायला. पैसे नकोत.’ त्याला चहा पाजा, ‘बघू, संस्थेला विचारतो’ म्हणा आणि आजच्या कामाचं बिल द्यायला सांगा. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर पैसे निघत नाहीत, हे मात्र तो टपरीवर पोचल्यावर फोन करून कळवा.