आळ मिसळीवर, गुन्हा रात्री साडेदहाच्या ताटाचा

रविवारी मिसळ खाल्ली, रात्री छातीत जळजळ झाली, की सगळा आळ तर्रीवर. काहींना तिखट बाधतं, नाही असं नाही. पण पुण्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं ताटात काय आहे यापेक्षा ते ताट किती वाजता वाढलं जातं यात आहे, असं माझं ठाम मत आहे.

‘पित्त झालंय’ म्हणताना आपण करपट ढेकर, डोकेदुखी, अंगावरच्या गांधी, सगळं एकाच पोत्यात भरतो. इथे बोलतोय ते आंबट पाणी घशाशी येण्याबद्दल. इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या कृती गटाने २०११ साली दिलेल्या अहवालात, आठवड्यातून एकदा तरी हा त्रास होणारे ७.६ टक्के निघाले. तेरा जणांत एक!

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची पकड असते. जठर तट्ट फुगलं की ती घास गिळलेला नसतानाही काही सेकंद सैल पडते आणि आम्ल वर चढतं. म्हणजे आम्ल जास्त झालेलं असतंच असं नाही, ते नको तिथे पोचलेलं असतं. सुटलेलं पोट आणि गरोदरपण खालून दाब वाढवतात. सिगारेट, दारू आणि बीपीच्या काही गोळ्या (अम्लोडिपिन धरून) पकड ढिली करतात. गोळी मात्र आपल्या मनाने सोडायची नाही.

आता हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून सुटून दहाला घरी, साडेदहाला पोटभर जेवण, अकराला आडवं. भरल्या जठराला रिकामं व्हायला काही तास लागतात. उभं असताना आम्ल आपोआप खाली उतरतं, आडवं झालं की तो आधार जातो. शिवाय झोपेत लाळ आणि गिळणं दोन्ही कमी, म्हणून वर आलेलं तिथेच रेंगाळतं. जेवण आणि झोप यांत ३ तास हवेत. जमत नसेल तर सातला ऑफिसातच पोळी-भाजी खा, घरी फक्त वाटीभर मऊ खिचडी. डाव्या कुशीवर झोपा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ६ ते ८ इंचांचे लाकडी ठोकळे द्या. दोन उश्या घेऊन भागत नाही, त्याने माणूस पोटातच मुडपतो आणि दाब उलट वाढतो.

पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी जळजळ उठल्यावर घेतली तर लगेच आराम पडत नाही. ती नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची, कारण जठरातले आम्लाचे पंप खाण्याने चालू होतात आणि ती चालू पंपच बंद पाडते. पूर्ण गुण यायला ३-४ दिवस जातात. महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवली की आम्ल उसळी मारतं आणि वाटतं, गोळीशिवाय आपलं खरं नाही. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम भरपूर, बीपीवाल्यांनी जपून.

घास अडकणं, काळी शी, कारण नसताना वजन उतरणं: दुर्बिणीची तपासणी लांबवू नका. आणि पर्वती चढताना छातीत भरून येत असेल, थांबल्यावर ओसरत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका, त्याच दिवशी ईसीजी काढा.